तीन हजार फेऱ्यांचं मशीन

लोकांना वाटतं, पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावायचं. साफ चूक. पॉलिश म्हणजे काढायचं. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, दुधावरच्या सायीहूनही पातळ. ओरखडे पडतात ते त्या थरात. ओरखडा बुजवता येत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासत घासत ओरखड्याच्या तळापर्यंत आणायचा, की ओरखडा गायब. म्हणजे चमक आली याचा अर्थ थोडा थर गेला. थर संपला की रंग जातो आणि रंग संपला की खालचा पांढरा प्रायमर तोंड दाखवतो. गेलेला थर जगातला कुठलाही माणूस घासून परत आणू शकत नाही. एवढं साधं आहे, पण चौतीस वर्षांत मी हे किमान हजार माणसांना सांगितलं असेल आणि त्यातल्या नऊशेंनी ऐकून घेऊन शेवटी विचारलं, "बरं, मग कधी लावून देताय पॉलिश?"

मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या गाडीखान्यात पेंटर होतो. आम्ही मूळचे उज्जैनचे, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी इतकं मिसळलंय की पुण्याची माणसं माझ्याशी बोलताना आवाज जरा चढवून, सावकाश बोलतात, बहिऱ्याशी बोलावं तसं. बोलोत बापडी. आमच्या टाउनशिपमध्ये नोकरी पक्की, क्वार्टर पक्कं, पाणी दोन वेळ, आणि माणसाकडे स्वतःचं म्हणण्यासारखं एकच, ते म्हणजे गाडी. म्हणून गाडीवर जीव असा की विचारू नका. डिझाइन विभागातले एक साहेब दर रविवारी कपडे धुण्याच्या पावडरीने गाडी धुवायचे आणि दर सोमवारी मला विचारायचे, "कानडे, हिचं तेज का जातंय हो?" फाउंड्रीतल्या एका इंजिनियरने तर कबुतराची विष्ठा तारेच्या घासणीने काढली. शिकलेला माणूस! लोखंड वितळवणारा! त्याला म्हटलं, साहेब, घरी कढई घासता का? तर म्हणे, नाही, बाई येते. म्हटलं, मग गाडीही तिलाच द्यायची होती, तिला अक्कल आहे.

आमच्याकडे एक रिवाज होता. कुणी रिटायर झालं की निरोपाच्या दिवशी त्याला हार घालून, ढोल वाजवत, त्याच्याच गाडीत बसवून घरापर्यंत सोडायचं. आणि ती गाडी आदल्या आठवड्यात गाडीखान्यात पॉलिश करून मिळायची, फुकट. जुन्या एका ऑफिस ऑर्डरने त्याला परवानगीही होती. तीस-पस्तीस वर्षं नोकरी केली, जाताना निदान गाडी तरी चमकू दे, असा त्यामागचा विचार असावा. हे काम वर्षानुवर्षं आमचे हफीज भाई हाताने करायचे. एका गाडीला तीन दिवस. ते रिटायर झाल्यावर साहेब लोकांच्या लक्षात आलं की आता मशीन घ्यायला पाहिजे.

आता मशीनचं सांगतो. मोठे प्रकार दोन. एक नुसतं गोल फिरणारं. जोरात कापतं, पटकन काम होतं, पण सगळी उष्णता एका जागी साठते. धार, कोपरा, बॉनेटवरची उठावाची रेघ, अशा ठिकाणी थर आधीच पातळ असतो, तिथे हे मशीन एक क्षण जास्त राहिलं की रंग जळालाच. दुसरं असतं ते फिरतं आणि फिरताफिरता डगमगतंही, हाताने घासल्यासारखं. काम सावकाश, पण उष्णता पसरते आणि धारेवर जास्त दाब पडला तर फिरणं आपोआप थांबतं. गोल फिरणारं मशीन वाईट असतं असं मी म्हणत नाही. बसच्या जाड रंगावर मी तेच वापरीन, फक्त वेग कमी-जास्त करता आला पाहिजे. शिकाऊ हात, पातळ रंग आणि दुसऱ्याची लाडकी गाडी असेल तर मात्र डगमगणारंच घ्यावं. मला विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं.

विचारलं म्हणजे काय, खरेदी समिती बसली. अध्यक्ष आमच्या गाडीखान्याचे मॅनेजर सक्सेना साहेब. कागद आठल्ये साहेबांच्या हातात. हे खरेदी अधिकारी, पुण्याहून बदलून आलेले, ताठ कण्याचे, कोणाकडून दिवाळीचा पेढासुद्धा न घेणारे. त्यांनी तुलनेचा तक्ता केला होता. एका रकान्यात फेऱ्या, एकात वजन, एकात किंमत. माझं डगमगणारं मशीन त्या तक्त्यात बिचारं उघडंच पडलं.

"कानडे," आठल्ये साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही सांगताय ते मशीन कमी फिरतं, हलकं आहे आणि महाग आहे. मी ऑडिटला काय सांगू? आम्हाला कमीच हवं होतं म्हणून?"

"साहेब, ते धारेवर आपोआप थांबतं."

सक्सेना साहेब दचकले. "मतलब काम करते-करते रुक जाती है? अरे भाई, ये तो डिफेक्ट हुआ!"

सगळे हसले. मीही हसलो, हे लाज वाटते तरी सांगतो. मग मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारणारं, सगळ्यात स्वस्त मशीन पास झालं. त्याला वेग एकच. बटण दाबलं की असा झटका द्यायचं की मनगट उतरेल. कागदावर 'तांत्रिकदृष्ट्या योग्य' असं लिहून त्याखाली सही माझी घेतली. मी केली. माझ्या हेड पेंटरच्या प्रमोशनची फाइल त्याच आठवड्यात सक्सेना साहेबांच्या टेबलावर होती. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या मशीनवरची पहिली निरोपाची गाडी होती कुरियन मॅडमची. कारखान्याच्या दवाखान्याच्या मेट्रन. टाउनशिपमधली निम्मी पोरं त्यांच्या हातात जन्मली, माझी दोन्ही. मरून रंगाची छोटी गाडी, दहा वर्षांत एक ओरखडा नाही. बॉनेट मी छान आणलं होतं, आणि मग पुढच्या धारेशी मशीनने उसळी घेतली. मी मागे ओढेपर्यंत वीतभर पांढरा पट्टा. जळक्या रंगाचा वास आला. नवा रंग मारायला वेळ नव्हता, निरोप दुसऱ्या दिवशी.

मॅडम आल्या, वाकून बघितलं. "दादा, ये सफेद क्या है?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "गलती हो गई." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, इंजेक्शन द्यायच्या आधी ठेवायच्या तसा. दुसऱ्या दिवशी ढोल वाजला तेव्हा गाडीवरचा झेंडूचा मोठा हार कुणीतरी सरकवून त्या पट्ट्यावर आणला होता. गाडी वळली की हार घसरायचा आणि ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस खिडकीतून हात काढून तो परत ओढायचा.

रिपोर्टमध्ये आलं, 'हाताळणीतील चूक'. मशीन नियमाने घेतलेलं, तेव्हा चूक मशीनची कशी असेल? आणि मशीन योग्य आहे असं लिहून देणारा मीच. तोंड उघडायची सोय नव्हती. त्यावरही सही केली. पुढे मॅडमच्या बॉनेटला मी रंग मारून दिला, पण निरोपाचा दिवस काही परत मारून देता येत नाही.

त्यानंतर मी गुपचूप पुण्याच्या मेव्हण्याकडून स्वतःसाठी एक डगमगणारं मशीन मागवलं. ते गाडीखान्यातल्या माझ्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या डांगरीत गुंडाळलेलं असायचं. रजिस्टरमध्ये लिहायचो सरकारी मशीन आणि काम करायचो माझ्या मशीनने, जेवणाच्या सुट्टीत, दार लावून. दोन वर्षं असं चाललं. सात-आठ निरोपाच्या गाड्या गेल्या, एकीलाही डाग नाही. मला वाटायचं, मी मोठा हुशार. सगळे खूश, कागद खूश, मीही खूश.

मग आठल्ये साहेब रिटायर व्हायला आले.

खरं सांगतो, माझ्या मनात पाप आलं. यांची गाडी यांच्याच मशीनने करावी आणि मग विचारावं, साहेब, आता ऑडिटला काय सांगू? गाडी घेऊन आले, गडद निळी, स्वच्छ, आत सीटवर पांढरे टर्किशचे टॉवेल. किल्ली देताना म्हणाले, "कुठल्या मशीनने करणार?"

"आपल्याच, साहेब. तुम्ही घेतलेल्या."

मला वाटलं, आता चुळबुळ करतील, हाताने करा म्हणतील. टाउनशिपभर त्या मशीनची कीर्ती झालेली होतीच. पण ते म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या गाडीला वेगळा नियम कसा लावायचा?" मग छतावरून हात फिरवून जरा थांबले. "रंग हिने निवडला होता. मी पांढरी म्हणत होतो, विकताना बरी. ही ऐकेना." त्यांची बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

झालं. माझं पाप तिथेच विरघळलं. त्या गाडीला मी तीन दिवस दिले, माझ्या मशीनने. आयुष्यातलं चांगलं काम म्हणून मी ते दाखवीन. बॉनेटमध्ये कडुनिंबाची पानं मोजता येत होती.

आणि निरोपाच्या भाषणात, भरल्या हॉलमध्ये, माईकवर, आठल्ये साहेब काय बोलले असतील? "एका यंत्राबद्दल गेली काही वर्षं बरंच उलटसुलट बोललं गेलं. मी आज कोणाला दोष देत नाही. फक्त बाहेर जाऊन माझी गाडी बघा." टाळ्या! सक्सेना साहेब उठून टाळ्या वाजवत होते. मी मागच्या रांगेत समोसा हातात धरून बसलो होतो. पंधरा दिवसांत फाइल निघाली की यंत्राची कामगिरी समाधानकारक असल्याने त्याच मशीनची रिपीट ऑर्डर द्यावी. आणखी चार. दोन गाडीखान्याला, दोन टाउनशिपच्या नव्या सर्व्हिस सेंटरला, जिथे मंडीदीपहून नवशिकी पोरं भरती होणार होती. म्हणजे आता दर आठवड्याला कुणाची ना कुणाची गाडी जळणार. आणि फाइलला मशीन चांगलं चालतं असा माझा वापर-दाखला हवा होता.

तीन दिवस मी तो कागद खिशात घेऊन फिरलो. बायको म्हणाली, "तोंड असं का केलंय? सांगून टाका ना काय असेल ते." चौथ्या दिवशी स्कूटर काढली आणि तुलसी नगरला गेलो. आठल्ये साहेब तिथे मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले होते. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पेटी, डांगरी, मेव्हणा, सगळं.

त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे भरल्या हॉलमध्ये मी खोटं बोललो?"

"तुम्हाला कुठे माहीत होतं, साहेब."

"तुम्हाला होतं ना! माझ्यासमोर बसून टाळ्या वाजवल्यात?"

"वाजवल्या नाहीत. हातात समोसा होता."

त्यावर दुसरा कोणी हसला असता. ते उठले, कागद घेतला आणि तिथेच पत्र लिहायला बसले की मी भाषणात केलेलं विधान चुकीचं होतं, माझी गाडी दुसऱ्या यंत्राने केलेली होती. लिहिता लिहिता थांबून म्हणाले, "तुमचं नाव येणार. खासगी यंत्र कारखान्यात वापरलंत, रजिस्टरमध्ये खोटी नोंद केलीत. चार्जशीट होऊ शकते."

"येऊ द्या," मी म्हणालो. म्हणालो खरं, पण घरी येताना स्कूटर दोनदा बंद पडली, क्लच न दाबताच ब्रेक मारत होतो.

आठवड्यात मेमो आला. चौकशीला तीच समिती, खरेदीच्या खुर्चीत फक्त नवा माणूस. आठल्ये साहेबांना पत्र लिहिणारे म्हणून बोलावलं होतं, त्यांना भिंतीशी एक स्टूल दिलं. ज्या खोलीत ते वीस वर्षं खरेदीच्या खुर्चीत बसले होते तिथेच.

सक्सेना साहेबांनी विचारलं, "कानडे, आपने प्राइवेट मशीन चलाई?"

"जी साहब."

"गाड़ी को नुकसान हुआ?"

"नहीं साहब."

"तो फिर शिकायत क्या है?"

"यही, कि नुकसान नहीं हुआ."

मग ठरलं की सरकारी मशीनची चाचणी घ्यायची, आत्ता, सगळ्यांसमोर. कोणाच्या गाडीवर? कारखान्याच्या गाडीवर नको, अकाउंट्सवाले म्हणाले, काही झालं तर सरकारी मालमत्तेचं नुकसान, मंजुरी कोण देणार. मग कोणीतरी आपली गाडी द्यावी. मशीन समाधानकारक आहे असं फाइलवर लिहिणारे चार अधिकारी त्या टेबलाभोवती बसले होते आणि चौघांच्याही गाड्या खाली कडुनिंबाखाली उभ्या होत्या. एकाची मुलगी तेवढ्यात गाडी न्यायला येणार होती. एकाची कालच विकायची ठरली होती. एकाला करोंदला भावाकडे जायचं होतं. सक्सेना साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि पंखा जोरात करायला सांगितला.

आठल्ये साहेब स्टुलावरून उठले आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "माझी घ्या."

"साहेब, नको," माझ्या तोंडून निघून गेलं.

नवा खरेदीवाला म्हणाला, "ये तो जानबूझकर जलाएगा."

"नाही जाळणार," आठल्ये साहेब मराठीतच म्हणाले, मग माझ्याकडे वळले. "कानडे, तुम्ही चालवायचं. आणि वाचवायचा प्रयत्न करायचा. पूर्ण. नाहीतर या चाचणीला काही अर्थ नाही."

गाडी शेडमध्ये घेतली. मी बॉनेट धुतलं, पुसलं, धारांना कागदी टेप लावली. पॅड सगळ्यात मऊ घेतलं, ओलं केलं, पॉलिश आधी हाताने पसरलं म्हणजे सुरुवातीच्या झटक्यात उडणार नाही. बटण दाबलं. मशीनचं वजन मी दोन्ही हातांनी वर तोलून धरलं होतं, नुसतं टेकवत होतो, मशीन दोनदा इकडून तिकडे नेलं की बोटांनी पत्रा गरम झालाय का बघत होतो. मधला भाग छान आला. सक्सेना साहेब म्हणालेही, "देखो, बढ़िया तो चल रही है." आणि मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. मी विसरूनच गेलो की ते मशीन नापास व्हायला पाहिजे. माझ्या डोक्यात एकच, साहेबांच्या बायकोने निवडलेला रंग वाचला पाहिजे. हफीज भाई असते तर म्हणाले असते, को खाँ, आज तो उस्ताद हो रिये हो. मी खरंच इतकं चांगलं काम त्याआधी कधी केलं नव्हतं.

बॉनेटवरच्या उठावाच्या रेघेशी आलो. श्वास धरला, पॅड जवळजवळ उचललंच. पण तीन हजार फेऱ्यांना 'जवळजवळ' हे काही समजत नाही. पॅडची कड निळी झाली. आमच्या धंद्यात पॅडला गाडीचा रंग लागला की समजायचं, वरचा थर गेला. मी बटण सोडलं. फिरणं थांबेपर्यंत जो वेळ लागला तेवढ्यात बोटभर पांढरी रेघ उमटली होती.

माझे डोळे भरून आले आणि हातात मशीन असल्याने पुसताही येईनात. चार अधिकारी समोर, आणि मी हेड पेंटर रडतोय.

आठल्ये साहेब पुढे आले, वाकले आणि त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. चटका बसला असणार, पण बोट काढलं नाही. मग बाकीच्या बॉनेटवरून, जिथे निळा रंग होता तिथून, सावकाश तळवा फिरवला.

"तुम्ही प्रयत्न केलात," मला म्हणाले.

मग ते चाचणीची नोंद घेणाऱ्या क्लार्ककडे वळले, खरेदी अधिकाऱ्याच्या जुन्या आवाजात म्हणाले, "लिहा."